जाईबाईची हाव

अकोल्याच्या जठारपेठेतल्या जाईबाई सिरसाटनं 'मायाळू फिनसर्व्ह' नावाच्या कंपनीकडून कधी रुपया घेतला नव्हता. तरी कंपनीच्या दप्तरी ती एका कर्जाची जामीनदार होती. जामीनदार व्हायला सही करावी लागते, अंगठा द्यावा लागतो, निदान कुठल्या तरी ऑफिसात जाऊन तासभर खुर्ची गरम करावी लागते, अशी एक जुनी समजूत आहे. जाईबाईनं यातलं काहीच केलं नाही. तिनं फक्त चक्की चालू असताना फोन उचलला.

चक्की पिठाची. पत्र्याचं शेड, आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्यावर पिठाचा पातळ थर. जाईबाई तो सकाळी पुसायची आणि दुपारपर्यंत तो पुन्हा बसायचा. बाहेर पाटी: 'जाईबाई चक्की. गहू, ज्वारी, बेसन. मिरची वेगळी.' खाली मोबाईल नंबर.

तिच्या नवऱ्यानं, देवमननं, नोकरी सुटल्यावर ही चक्की टाकली. टाकली तेव्हा आसपासच्या काही घरांतून दळण यायला वर्षं लागली. कारण कोणी सांगितलं नाही आणि देवमननं विचारलं नाही. असली कारणं आमच्याकडे न सांगता कळतात. जाईबाईनं त्यावर भाषण केलं नाही. बारीक दळलं, वजनात मारलं नाही, एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात जाऊ दिलं नाही. हळूहळू डबे येऊ लागले. मग लोक डबे ठेवून जाऊ लागले. या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. डबा घेऊन येणारा माणूस उभा राहतो, आपला गहू आपल्या डोळ्यांदेखत खाली पडताना बघतो. ठेवून जाणारा घरी जाऊन झोपतो. देवमन वारला तेव्हा भिंतीलगतच्या फळीवर डबे मावत नव्हते. बायकोच्या नावे तो काय ठेवून गेला असं कोणी विचारलं, तर जाईबाई त्या फळीकडे हात करायची.

तर फोन. चक्की चालू असली की तिथं माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. गिऱ्हाइकं मात्र तेव्हाच फोन करतात. म्हणून जाईबाई फोन कानाखाली खांद्यात दाबते, दोन्ही हातांनी पिठाची पिशवी झटकते, आणि समोरचं बोलणं संपेपर्यंत दर वाक्यामागं एक 'हाव' टाकत राहते. मग चक्की थांबली की पुन्हा फोन लावून विचारते, "काय म्हनत होत्या बाई तुमी?"

इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं. वऱ्हाडात 'हाव' म्हणजे 'हो', असं पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक चूक नाही, अर्धवट आहे. आमचं हाव म्हणजे 'चालू द्या, मी आहे इथं.' एखाद्यानं सांगावं, "काल आमची म्हैस मेली." ऐकणारा म्हणतो, "हाव." यावरून म्हैस त्यानं मारली असं आजवर कोणी धरलेलं नव्हतं. ते मायाळूनं धरलं.

झालं ते असं. बाळापूरकडच्या गोवर्धन नावाच्या कोणा इसमानं मायाळूच्या ॲपवरून नव्या मोबाईलसाठी कर्ज काढलं. अर्जात ओळखीच्या एका माणसाचा नंबर मागितला होता. गोवर्धनला त्या क्षणी ओळखीचा माणूस आठवला नाही, पण समोर जाईबाईच्या चक्कीची पाटी दिसत होती. त्यानं पाटीवरचा नंबर टाकला, मोबाईल घेतला आणि मोबाईलसकट नाहीसा झाला. जाईबाईनं त्याला पाहिलेलं नाही. तो गहू दळायला आला होता की ज्वारी, हेही तिला सांगता येत नाही.

काही महिन्यांनी फोन आला. मुलीचा आवाज, शुद्ध मराठी. आचल बोलतेय म्हणाली. पुढचं जाईबाईला चक्कीमुळं ऐकू आलं नाही. ती हाव म्हणाली, चार-पाचदा म्हणाली, आणि नेहमीप्रमाणं चक्की थांबल्यावर पुन्हा फोन लावला. तिकडून एका बाईचा गोड आवाज आला की या क्रमांकावर फोन करता येत नाही. आपल्याला करता येत नाही, त्यांना येतो, अशी ही सोय आहे.

त्यानंतर पुरुषांचे फोन सुरू झाले. पहिला 'मॅडम' म्हणाला, दुसरा 'मावशी', तिसरा 'ए बाई'. मायेच्या या तीन पायऱ्या उतरायला त्यांना आठवडा पुरला.

"मी कोनाचे पैसे घेतले नाई, भाऊ."

"तुम्ही जामीन आहात. तुम्ही फोनवर कबूल केलंय. रेकॉर्डिंग आहे."

"कायचं कबूल?"

"सगळंच."

मग मोबाईलवर निरोप आला: 'आपण कर्जदार नसल्यास येथे तक्रार नोंदवा.' जाईबाईला बरं वाटलं. कंपनीत एखादा तरी शहाणा माणूस आहे म्हणायचा. तिनं त्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं. फोननं विचारलं, परवानगी आहे का? तक्रार करायची तर परवानगी लागणारच, म्हणून तिनं बोटानं हाव केलं. आपल्या देशात सही करायला माणसाला चष्मा लागतो. फसायला नुसती रेंज पुरते.

तिच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांची नावं दळणावरून होती. गहू बेबीताई. बेसन पार्वताबाई. मिरची रागिणी मॅडम. ज्वारी भगवंतराव. दुसऱ्या दिवसापासून मायाळूच्या माणसांनी ही नावं जशीच्या तशी लावली.

"नमस्कार, बेसन पार्वताबाई बोलताय का?"

"कोन बेसन?"

"तुम्ही जाईबाई सिरसाटला ओळखता? ती पैसे बुडवून बसलीय. पोलीस केस होतेय. तुमचं नाव साक्षीदारात टाकायचं का?"

पार्वताबाईंनी फोन ठेवला आणि लगेच शेजारणीला लावला. शेजारणीलाही तोच फोन येऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत अर्ध्या जठारपेठेला एकच माहिती दोन-दोनदा मिळाली, आणि जी गोष्ट दोनदा ऐकू येते ती आमच्याकडे खरी असते.

कर्ज वसूल करणाऱ्यानं कर्जदाराच्या ओळखीपाळखीच्या लोकांना फोन करून त्याची अब्रू काढायची नाही, असा नियम आहे. ॲपनं फोनमधली नावं चोरायची नाहीत, असाही आहे. नियम चांगले आहेत. ते चांगल्या कागदावर छापले असतील.

आठवड्याभरात फळी मोकळी दिसू लागली. लोक एकदम यायचे थांबले नाहीत. तसं झालं असतं तर जाईबाईला भांडता आलं असतं. लोक यायचे आणि उभे राहायचे. बेबीताई, समोरच्या गल्लीतली, जी देवमनच्या काळापासून डबा ठेवून बाजाराला जायची, ती बाकड्यावर बसली.

"जाय ना व बेबी, तुहा बाजार राहीन. डबा ठुते मी दळून."

"नाई व. बसतो जराशी. घरी तरी काय काम हाय."

बेबीताईच्या घरी नातवंडं, सासू आणि दोन म्हशी होत्या. ती बसून राहिली, आणि पीठ पडेपर्यंत तिची नजर डब्यावरून हलली नाही. पीठ घेऊन गेली तेव्हा जाईबाईनं चक्की बंद केली आणि बाबासाहेबांचा फोटो भर दुपारी पुसला.

तिला राग कशाचा आला, हे नीट सांगायला हवं. चोर म्हटल्याचा आलाच. पण जे कारण चाळीस वर्षं कोणाला तोंडानं सांगता येत नव्हतं, त्याला या फोनांनी चारचौघांत बोलण्याजोगं रूप दिलं होतं. आता कोणीही डबा घरी ठेवून म्हणू शकत होतं, 'आम्ही तसले नाही हो, पण ते कर्जाचं काहीतरी आहे ना तिचं.' मायाळूनं जठारपेठेला केलेला हा खरा पतपुरवठा.

अशात चक्कीची मोटर जळाली. जाईबाई कर्ज मागायला बँकेत गेली. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा कॉम्प्युटरकडं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवला.

"मावशी, तुमचा स्कोअर फार खराब आहे."

"माहा स्कोअर? मी कोनती मॅच खेयली?"

"तुमच्या नावावर थकबाकी दिसतेय. मायाळू फिनसर्व्ह. जामीनदार."

"साहेब, याच बँकेत माहं खातं हाय. तुमी मले वळखता. तुमच्या घरचं दळन माह्याकडं येते."

साहेब थोडे अवघडले. गेल्या पंधरवड्यापासून त्यांच्या घरचं दळण दुसरीकडं जात होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी ओळखून काय उपयोग," ते म्हणाले, "सिस्टीमनं ओळखायला पाहिजे."

मोटरची जळालेली गुंडाळी तिनं सोन्याचे मणी मोडून नव्यानं भरून घेतली. चक्की सुरू झाली, फळी रिकामीच राहिली. फक्त एक डबा होता: ज्वारी भगवंतरावांचा.

भगवंतराव एका सरकारी खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसून रिटायर झाले होते. नोकरीभर त्यांनी लोकांच्या तक्रारी घेतल्या आणि आता म्हातारपणी त्या व्याजासकट सरकारला परत करत होते. गॅसच्या टाकीचं वजन, दुधाच्या पिशवीवरची तारीख, बिस्किटाच्या पुड्यातली हवा. जठारपेठेतलं कुठलंच पाप त्यांच्या अर्जातून सुटलेलं नव्हतं. लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. मायाळूला ही माहिती नव्हती. मायाळूनं त्यांना आपणहून फोन केला होता.

"तो पोट्टा मले म्हने, जाईबाई फरार हाय," भगवंतराव डबा उचलता उचलता सांगू लागले. "म्या म्हटलं, फरार? आज दुपारीच माही ज्वारी दळून देली ते कोन हाय मंग? म्हने, आजोबा, जास्त बोलू नका. म्या म्हटलं, तुले किती वाजले ते पाय. रातचे साडेआठ. सकायी आठच्या आधी अन् संध्याकायी सातच्या नंतर वसुलीचा फोन करता येत नाई, माहीत हाय का तुले? तुहं नाव सांग, तुह्या एजन्सीचं नाव सांग, वळखपत्राचा नंबर सांग. अर्धा तास धरून ठेवला त्याले. शेवटी रडकुंडीले आला. म्हने, आजोबा, मले जेवाचं हाय."

"मंग?"

"मंग काय? फोन ठेवला त्यानं. पहिल्यांदाच कोन्या कंपनीनं माह्यासमोर हार मानली." ते बाकड्यावर सरसावून बसले. "जाईबाई, अर्ज करायचा."

"कोनाले?"

"सगळ्याइले."

तसे ते केले. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज गेला. उत्तर आलं, 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला गेला: ही नोंद खोटी आहे, काढा. महिन्याभरात दुरुस्ती करायची, नाहीतर दर दिवसाचे शंभर रुपये द्यायचे, असा नियम असल्याचं भगवंतरावांनी अर्जात लाल शाईनं लिहिलं. संस्थेनं नियम पाळला. तिनं कंपनीला विचारलं, नोंद खरी आहे का? कंपनी म्हणाली, खरी आहे. संस्थेनं जाईबाईला कळवलं, चौकशी पूर्ण झाली. चोराला विचारून पंचनामा पुरा करण्याची ही पद्धत फार जलद आहे.

मग ग्राहक आयोग. अकोल्याच्या आयोगात पहिल्या दोन तारखांना कंपनीकडून कोणी आलं नाही. तिसऱ्या तारखेला अमरावतीहून पियुष वकील आले. तरुण, इस्त्रीचे, बोलायला पुण्याचे. वाटेतलं मूर्तिजापूर ओलांडलं की त्यांची भाषा आपोआप बदलत असावी. अध्यक्षस्थानी कोकणातल्या बाई होत्या. अकोल्याचं ऊन त्यांना मानवलं नव्हतं, पण त्या फायली वाचून येत. आयोगात ही चर्चेची गोष्ट होती.

पियुष वकिलांनी सुरुवातीलाच हरकत घेतली. "मॅडम, या बाईंनी आमच्याकडून कुठलीही सेवा घेतलेली नाही. त्या आमच्या ग्राहकच नाहीत. तक्रार फेटाळावी."

"ग्राहक नाहीत?"

"अजिबात नाहीत."

"मग त्यांच्याकडून पैसे कशाचे मागताय?"

"जामीनदार म्हणून, मॅडम."

"म्हणजे तुमच्या कर्जाशी त्यांचा संबंध आहे."

"वसुलीपुरता आहे," पियुष वकील म्हणाले. "तक्रारीपुरता नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे वाक्य मी तसंच लिहून घेतेय," त्या म्हणाल्या. "पुढं?"

पुढं रेकॉर्डिंग होतं. पियुष वकिलांनी लॅपटॉपवर ते लावलं. आधी चक्कीची घरघर आली. दालनातला पंखा त्यापुढं लाजला. मग आचलचा स्वच्छ आवाज: "आपण जाईबाई सिरसाट बोलताय?" "हाव." "गोवर्धन यांना आपण ओळखता?" "हाव." "त्यांच्या कर्जाची जबाबदारी आपण घेत आहात?" "हाव, हाव." "त्यांनी न भरल्यास आपण भराल?" "हाव." "आपल्या पतअहवालात नोंद होईल, मान्य आहे?" "हाव. बोला."

"पाच प्रश्न," पियुष वकील म्हणाले, "आणि पाच स्पष्ट उत्तरं."

मॅडम मात्र कंपनीनं जोडलेल्या इंग्रजी भाषांतराकडं बघत होत्या. ते मशीननं केलेलं होतं. त्यात प्रत्येक प्रश्नासमोर जाईबाईचं एकच उत्तर छापलं होतं: ग्रीड. म्हणजे लोभ.

"जाईबाई," मॅडमनी कुतूहलानं विचारलं, "तुम्ही फोनवर सारखं लोभ, लोभ का म्हणत होता?"

जाईबाईला काही कळलं नाही. आयोगाचा स्टेनो बाळापूरचा होता, तो खाली मान घालून हसू लागला. मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा त्यानं उठून सांगितलं की मॅडम, आपल्या पुस्तकी मराठीत हाव म्हणजे लोभ, पण इकडं हाव म्हणजे हो.

"बघा," पियुष वकिलांनी संधी साधली. "स्टाफही सांगतोय. हो म्हणजे होकार."

"साहेब, होकार नाई," जाईबाई उभी राहिली. "हाव म्हंजे ऐकून राहिली मी. कबूल कराचं असलं त मी सांगतो तोंडानं, का बाई हे माह्याकडं लागलं. हाव म्हटल्यानं कोनाचं देनं लागते काय?"

"भाषेवर वाद घालण्यात अर्थ नाही, मॅडम. कोणीही सुबुद्ध माणूस हो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हो असाच असतो."

भगवंतराव मागच्या बाकावरून शब्दकोशातलं काहीतरी सांगायला उठले; शिपायानं त्यांना बसवलं. मॅडम जाईबाईला म्हणाल्या, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"वकीलसाहेबाले दोन गोष्टी इचारू का, मॅडम? घरच्याच."

मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मान हलवली. पियुष वकिलांची दुसरी तारीख दुपारी अमरावतीला होती. मोबाईल टेबलाखाली उजळत होता आणि त्यांचा अंगठा तिकडं गुंतला होता.

"वकीलसाहेब, तुमी अमरावतीचेच ना?"

"हाव."

"राजापेठकडं?"

"हाव, तिकडंच."

"आई-बाबा बरे हायेत?"

"हाव, हाव."

"चांगलं हाय. साहेब, त्या गोवर्धनचं न् माहं काईच नातं नाई."

"हाव."

"तुमच्या कंपनीनं माह्या गिऱ्हाइकायले खोटे फोन केले. मले चोर म्हटलं."

"हाव... बोला ना."

"फोनमधले नंबर चोरले."

"हाव."

"अन् त्याची भरपाई तुमी कराची हाय."

"हाव, हाव," पियुष वकील म्हणाले, आणि दालनात एकदम शांतता झाल्यामुळं त्यांनी मान वर केली. स्टेनोचं टायपिंग थांबलं होतं. मॅडम त्यांच्याकडं बघत होत्या.

"वकीलसाहेब, हे सगळं तुम्हाला मान्य आहे?"

"काय? नाही, मॅडम! मी कुठं... मी नुसतं ऐकून राहि..."

पियुष वकिलांचे कान लाल झाले. जाईबाई हसली नाही. ती पदर सारखा करून खाली बसली.

निकाल लागला. नोंद काढायची. नुकसानभरपाई द्यायची. आणि मॅडमनी स्वतःच्या अकलेनं एक कलम घातलं: कंपनीनं ज्या ज्या नंबरांवर फोन करून जाईबाईची बदनामी केली, त्या प्रत्येक नंबरावर पुन्हा फोन करून, मराठीत, कायद्यानं ठरवलेल्या वेळेत सांगायचं की आम्ही खोटं बोललो होतो.

भरपाईविरुद्ध कंपनी अपिलात गेली. ती रक्कम अजून अपिलातच आहे. नोंद निघाली. फोन मात्र कंपनीनं लगोलग केले. फोन करायची तिला सवय होती.

"नमस्कार, बेसन पार्वताबाई बोलताय का? जाईबाई सिरसाट यांच्याबद्दल आम्ही दिलेली माहिती चुकीची होती. आम्ही दिलगीर आहोत."

"हाव," पार्वताबाई म्हणाल्या, आणि भाजी फोडणीला टाकली.

सगळ्या जठारपेठेनं ती माफी अशीच ऐकली. चोर म्हणणारा फोन आला होता तेव्हा लोकांनी एकमेकांना लावून खातरजमा केली होती. माफीचा फोन आला तेव्हा कोणी कोणाला लावला नाही. खोट्याला पाय नसतात म्हणतात. मग खऱ्याला काय असतं? मला तरी जठारपेठेत ते चालताना दिसलं नाही.

काही डबे परत आले. रागिणी मॅडमचा आला, मिरचीसकट. बँकेच्या साहेबांच्या घरून आला. सोबत नव्या चक्कीसाठी कर्जाचा अर्जही आला आणि तो मंजूर झाला. बेबीताई येते. अजून बाकड्यावर बसते. "गप्पा होतात," म्हणते. देवमनच्या काळापासून तिनं जाईबाईशी एवढ्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या, आणि गप्पा मारतानाही तिची नजर डब्यावर असते. तिच्यावर खटला भरता येत नाही. ती वाईट बाई नाही. तिला एक फोन आला होता, एवढंच.

नवी चक्की बसली त्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. जाईबाईनं आता नेम केला होता: आधी खटका पाडायचा, मग फोन उचलायचा. पट्टा थांबेपर्यंत फोन वाजत राहिला. तिनं उचलला.

"नमस्कार, मायाळू फिनसर्व्हमधून आचल बोलतेय. आयोगाच्या आदेशानुसार आम्ही सर्व फोन पूर्ण केले आहेत. आपलं समाधान झालं का?"

आवाज तिनं ओळखला. आयोगात लॅपटॉपमधून आलेला तोच, स्वच्छ, कुठल्याच गावचा नसलेला.

"पोरी, तूच होती ना व ते? पाच प्रश्न इचारनारी?"

"हाव, मावशी," ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून काय गेलं ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं.

जाईबाई बाकड्यावर टेकली. "कोन्या गावची व तू?"

"...अकोटची."

"अकोटची." जाईबाईनं तो शब्द दोनदा चघळला. "मंग तुले त माहीत होतं, हाव म्हंजे काय असते."

तिकडं इतरांचे आवाज ऐकू येत होते, शेकडो स्वच्छ आवाज, एकाच वेळी विचारत असलेले.

"काहून केलं मंग तसं?"

"मावशी, आमच्या स्क्रीनवर दोनच खाने असतात," आचल हळू आवाजात म्हणाली. "हो अन् नाही. ऐकून राहिली, असा खाना नसते. अन् एका कॉलले जास्त वेळ लागला त पगार कापते."

"तुह्या मायले फोन केला असता अन् तिनं हाव म्हटलं असतं, त कोनत्या खान्यात टाकलं असतं?"

जाईबाईनं फळीकडं पाहिलं. फळीवर सहा-सात डबे होते. पूर्वी जिथं मावत नसत तिथं ते ओळीनं, ऐसपैस बसले होते.

"मावशी, हा कॉल रेकॉर्ड होऊन राहिला," शेवटी आचल म्हणाली, आणि मग पुन्हा कुठल्याच गावच्या नसलेल्या आवाजात: "आपलं समाधान झालं का? कृपया हो किंवा नाही मध्ये सांगा."

"नाई," जाईबाई म्हणाली. "चक्की बंद हाय. आवाज साफ येऊन राहिला ना तुले? लिही. नाई."

तिनं फोन ठेवला, उठली आणि खटका वर केला.